मलाक्क्याची 'पोर्ता द सांतियागो' : तट गेल्यावर उरलेल्या वेशीचे वाचन

प्रस्तावना

मराठीतील 'वेस' हा शब्द अर्थपूर्ण आहे. वेस म्हणजे गावाचा दरवाजा, आणि वेस म्हणजेच गावाची सीमा. दरवाजा आणि सीमा या दोन्ही गोष्टी एकाच शब्दाने सांगाव्यात, हे स्वाभाविकच आहे. कारण आत आणि बाहेर असा भेद असल्याशिवाय दरवाजाला प्रयोजन उरत नाही. मात्र गावकूस नाहीसे झाले आणि वेस तेवढी उभी राहिली, तर तिच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे? मलेशियातील मलाक्का (स्थानिक नाव मेलाका) या शहरातील 'पोर्ता द सांतियागो' हे प्रवेशद्वार नेमका हाच प्रश्न उपस्थित करते. युरोपीय वसाहतकाळातील एका तटबंद नगराचे ते शेष आहे आणि त्याचा इतिहास गोव्याशी निकटचा निगडित आहे. प्रस्तुत लेखात या प्रवेशद्वाराचा परिचय करून देऊन, अशा वास्तूला भेट देताना काय पाहावे व कसे पाहावे, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

स्थान आणि आजचे स्वरूप

मलाक्का नदीच्या मुखाजवळ सेंट पॉलची टेकडी आहे. टेकडीच्या पायथ्याशी ही दगडी वास्तू एकाकी उभी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना तट नाही, समोर खंदक नाही, आणि कमानीतून आत गेल्यावर नगरही लागत नाही. लागतो तो टेकडीवर जाण्याचा जिना. समोर जुन्या तोफा ठेवलेल्या आहेत. एके काळी समुद्र या तटाच्या अगदी जवळ होता. भराव घालून किनारा पुढे ढकलण्यात आल्यामुळे आज दरवाजात उभे राहिले असता समुद्र दिसत नाही. दिसतात त्या रस्ता, मैदान आणि बाजारपेठेच्या इमारती.

प्रथम भेट देणाऱ्यास वास्तूचा लहान आकार पाहून काहीशी निराशा वाटण्याचा संभव असतो. 'आ फामोझा' म्हणजे 'सुप्रसिद्ध' हे नाव ऐकून आलेला प्रवासी भव्य दुर्गाची अपेक्षा बाळगून असतो. वस्तुतः 'आ फामोझा' हे संपूर्ण किल्ल्याचे नाव होते. किल्ला नष्ट झाल्यावर ते नाव उरलेल्या या एकाच दरवाजाला चिकटले. अवशेषाला मूळ वास्तूचे नाव मिळाले की वास्तू किती मोठी होती याचा विसर पडतो. म्हणून येथे भेट देणाऱ्याने जे दिसते त्याच्या आधारे जे दिसत नाही त्याचे मोजमाप करणे, हे पहिले काम होय.

तटापूर्वीचे नगर

पोर्तुगीज येण्यापूर्वीही मलाक्का हे समृद्ध बंदर होते. पंधराव्या शतकात येथे मलय सुलतानांची सत्ता होती. भारताकडून येणारी आणि चीनकडून येणारी जहाजे मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असत. वारा बदलेपर्यंत थांबण्यास आणि मालाची देवघेव करण्यास मलाक्क्याची सामुद्रधुनी ही सोयीची जागा होती. व्यापाऱ्यांच्या देखरेखीसाठी चार शाहबंदर नेमलेले असत. त्यांपैकी एक केवळ गुजराती व्यापाऱ्यांसाठी होता. तोमे पिरेश या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १५१२ ते १५१५ या काळात लिहिलेल्या वृत्तांतात येथे येणाऱ्या व्यापाऱ्यांची जी यादी दिली आहे, तीत चौल, दाभोळ आणि गोवा या बंदरांचाही उल्लेख आहे. कोकणच्या किनाऱ्यावरील माणसांना मलाक्का परके नव्हते, हे यावरून स्पष्ट होते.

या नगराचे सामर्थ्य दगडी तटांपेक्षा लोकांच्या विश्वासात होते. जकात ठरलेली, वजनमापे ठरलेली आणि न्यायनिवाड्याची सोय असलेले बंदर व्यापारी आपण होऊन निवडतात. पुढे उभारलेल्या तटाचा अर्थ समजण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक आहे.

गोवा ते मलाक्का : तटाची उभारणी

नोव्हेंबर १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवा आदिलशाहीकडून जिंकून घेतला. त्यानंतर काही महिन्यांतच त्याने मलाक्क्याकडे मोर्चा वळविला. सतरा-अठरा जहाजे आणि सुमारे १,२०० माणसे घेऊन तो जुलै १५११ च्या आरंभी मलाक्क्यासमोर आला. पहिला हल्ला २५ जुलै रोजी झाला. हा दिवस संत जेम्स, म्हणजेच सांतियागो, याच्या उत्सवाचा होता. इबेरियाच्या युद्धपरंपरेत या संताला योद्ध्यांचा कैवारी मानले जाते. या दरवाजालाही त्याच संताचे नाव आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. ऑगस्टमध्ये नगर पोर्तुगिजांच्या ताब्यात आले आणि सुलतान महमूद शाह याला नगर सोडावे लागले.

विजयानंतर लगेचच किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले. त्यासाठी मशिदींचा आणि जुन्या सुलतानांच्या थडग्यांचा दगड वापरण्यात आल्याचे पोर्तुगीज वृत्तांतांतच नमूद आहे. जिंकलेल्या नगराच्या श्रद्धास्थानांतूनच विजेत्याचा तट उभा राहिला. पुढे तटबंदीचा विस्तार होत गेला आणि टेकडीसह तिच्या पायथ्याचे नगर तटाच्या आत आले. आत गढी, चर्च, रुग्णालय आणि कारभाराच्या इमारती होत्या. आशियाई व्यापाऱ्यांची मुख्य वस्ती मात्र नदीपलीकडे, तटाबाहेर राहिली. ज्या दरवाजांतून या नगरात ये-जा होत असे ते चार होते, आणि पोर्ता द सांतियागो हा त्यांपैकी एक. एकेकाळी खुल्या असलेल्या बंदरात आत कोण आणि बाहेर कोण, हे आता दरवाजा ठरवू लागला.

कारभाराच्या दृष्टीने मलाक्का हे गोव्याच्या अंकित होते. येथील कप्तान गोव्यातील व्हाइसरॉयला उत्तरदायी असे. १५५८ मध्ये गोव्याला आर्चबिशपचे पीठ मिळाले, तेव्हा मलाक्क्याचे नवे धर्मपीठ गोव्याच्याच अधीन ठेवण्यात आले.

१६७० हा आकडा

कमानीच्या वरच्या भागावर 'आन्नो १६७०' अशी अक्षरे आणि डच ईस्ट इंडिया कंपनीचे शिल्पांकित चिन्ह दिसते. दरवाजा पोर्तुगिजांचा म्हणून प्रसिद्ध असताना त्यावर डचांचे चिन्ह कसे, असा प्रश्न जिज्ञासूस पडतो.

त्याचे उत्तर पुढीलप्रमाणे आहे. डचांनी जोहोरच्या सुलतानाच्या साहाय्याने मलाक्क्याला वेढा घातला. उपासमार आणि रोगराई यांनी आतील लोक खंगले आणि जानेवारी १६४१ मध्ये नगर डचांच्या हाती आले. नव्या सत्तेने तट पाडले नाहीत. त्यांची दुरुस्ती केली, बुरुजांना नवी नावे दिली, काही नवे बुरूज बांधले आणि या दरवाजावर आपली मुद्रा कोरली. १६७० हे वर्ष मूळ बांधकामाचे नव्हे, तर या नूतनीकरणाचे आहे.

शिलालेखाचे वाचन करताना ही सावधगिरी सर्वत्र बाळगावी लागते. वास्तूवरील तारीख बहुधा ती बांधणाऱ्याची असते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पुष्कळदा ती शेवटच्या मालकाची असते.

१८०७ : तटाचा विध्वंस

फ्रान्सच्या क्रांतिकारी फौजांनी हॉलंड व्यापल्यावर, १७९५ मध्ये, इंग्रजांनी मलाक्का ताब्यात घेतले. हा ताबा तात्पुरता होता. युद्धानंतर नगर डचांना परत करावे लागेल याची इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीला जाणीव होती. कंपनीचे स्वतःचे ठाणे पेनांग येथे होते. परत द्यावयाचे नगर निरुपयोगी करून टाकावे आणि तेथील व्यापार पेनांगकडे वळवावा, असा हिशेब त्यामागे होता. त्यानुसार १८०७ मध्ये रेसिडेंट विल्यम फार्कर यांच्या देखरेखीखाली तट पाडण्याचे काम सुरू झाले. जवळजवळ तीनशे वर्षे टिकलेली तटबंदी युद्धात नव्हे, तर व्यापारी हिशेबात नष्ट झाली.

या विध्वंसाचे वर्णन मलाक्क्यातच वाढलेल्या अब्दुल्ला बिन अब्दुल कादिर या लेखकाने आपल्या 'हिकायत अब्दुल्ला' या आत्मचरित्रात केले आहे. हा ग्रंथ १८४९ मध्ये प्रसिद्ध झाला. घटना घडली तेव्हा तो बालवयात होता. तटात भुतेखेते आहेत या समजुतीने मजूर काम करण्यास धजत नव्हते, अखेर सुरुंगाची दारू वापरावी लागली आणि स्फोटाने प्रचंड शिळा उडाल्या, असे तो सांगतो. या नोंदीचे महत्त्व असे की, किल्ला बांधणाऱ्यांचे आणि पाडणाऱ्यांचे कागद पुष्कळ उपलब्ध असतात. परंतु किल्ल्याच्या सावलीत राहणाऱ्याला तो पडताना काय वाटले, हे क्वचितच वाचावयास मिळते. तट परक्यांचा होता खरा, पण अब्दुल्लाच्या दृष्टीने ते त्याच्या नगराचे वैभव होते.

या पाडापाडीतून पोर्ता द सांतियागो कशी वाचली? पेनांगच्या कारभारातील तत्कालीन अधिकारी स्टॅमफर्ड रॅफल्स यांच्या हस्तक्षेपामुळे, असे सर्वत्र सांगितले जाते. रॅफल्स १८०८ मध्ये प्रकृतीच्या कारणाने मलाक्क्यात होते आणि मलाक्का सोडून देऊ नये असा अहवाल त्यांनी वरिष्ठांना पाठविला, हे खरे. तथापि तोपर्यंत तटबंदीचा फार मोठा भाग नष्ट झाला होता. त्या अहवालाचा भरही दगडांवर नव्हता, माणसांवर होता. येथील रहिवाशांचा मोठा भाग पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहिलेला आहे आणि आज्ञेने तो अन्यत्र जाणार नाही, असा त्यातील मुख्य युक्तिवाद होता. 'एका इंग्रजाने दरवाजा वाचविला' एवढेच सांगितले, तर तो कोणी पाडला हे मागे पडते, आणि नगर वाचविण्याचे श्रेय ज्या रहिवाशांच्या चिवटपणाला आहे त्यांचाही विसर पडतो.

टेकडीवरील रिकामी कबर

दरवाजातून जिना चढून वर गेल्यावर छप्पर नसलेले सेंट पॉलचे चर्च लागते. १५२१ मध्ये पोर्तुगिजांनी येथे प्रथम एक छोटे प्रार्थनामंदिर बांधले. संत फ्रान्सिस झेवियर यांचा मृत्यू डिसेंबर १५५२ मध्ये चीनजवळील शांगच्वान बेटावर झाला. त्यांचा देह १५५३ मध्ये मलाक्क्यात आणून याच चर्चमध्ये पुरण्यात आला. काही महिन्यांनी तो तेथून काढून गोव्याला नेण्यात आला. मार्च १५५४ मध्ये तो गोव्यास पोहोचला. जुने गोवे येथील बॉम जेझू बॅसिलिकेत ज्यांचे अवशेष आज आहेत, त्यांची भारताबाहेरील रिकामी कबर पाहिली की दोन नगरांमधील सागरी वाट डोळ्यांसमोर उभी राहते. चर्चच्या भिंतींना टेकवून ठेवलेल्या डचकालीन समाधिशिळा त्याच जागेचा पुढला अध्याय सांगतात.

भेटीची पद्धत

वरील विवेचनाच्या आधारे या स्थळाला भेट देण्याचा एक क्रम सुचविता येईल. प्रथम नदीकाठी जावे. नोव्हेंबर २००६ मध्ये एका फिरत्या मनोऱ्याचे काम चालू असताना तेथे जुन्या तटाचे अवशेष सापडले. ते डचकालीन मिडलबर्ग बुरुजाचे असल्याचे निष्पन्न झाले. मनोऱ्याची जागा बदलण्यात आली आणि बुरुजाची पुनर्बांधणी करण्यात आली. तेथून टेकडीला वळसा घालीत दरवाजापर्यंत चालत गेल्यास नाहीशा झालेल्या तटाचा आवाका पायांना कळतो. दरवाजापाशी आल्यावर आधी १६७० चा लेख पाहावा, मग कमानीतून समुद्राच्या दिशेला आणि शेवटी टेकडीकडे पाहावे.

परिसरातील अन्य दोन वास्तूही याच वाचनाचा भाग आहेत. जवळच सुलतानाच्या लाकडी राजवाड्याची प्रतिकृती १९८० च्या दशकात उभारण्यात आली आहे. समोर १९१२ मधील मलाक्का क्लबची इमारत असून तिच्यात आज स्वातंत्र्य घोषणेचे स्मारक आहे. लगतच्या मैदानावर २० फेब्रुवारी १९५६ रोजी टुंकू अब्दुल रहमान यांनी मलायाच्या स्वातंत्र्याची तारीख जाहीर केली. विजेत्याच्या दरवाजासमोर स्वातंत्र्याची वार्ता द्यावी, आणि तरीही तो दरवाजा पाडू नये, यात एका राष्ट्राचा आत्मविश्वास दिसतो. जुलै २००८ मध्ये मलाक्का आणि जॉर्ज टाउन या नगरांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा सूचीत समावेश झाला.

समारोप

पोर्ता द सांतियागो टिकली ती अभेद्य होती म्हणून नव्हे. १५११ मध्ये तटाची गरज होती म्हणून ती बांधली गेली, १६४१ नंतर उपयोगी पडली म्हणून दुरुस्त झाली आणि १८०७ नंतर निरुपद्रवी झाली म्हणून उरली. वास्तू टिकणे किंवा नष्ट होणे हे कालगतीवर जेवढे अवलंबून असते, त्याहून अधिक ते माणसांनी घेतलेल्या निर्णयांवर अवलंबून असते.

हा बोध आपल्याकडील वास्तूंनाही लागू पडतो. पुण्याच्या शनिवारवाड्याचे महाल १८२८ च्या आगीत गेले. दिल्ली दरवाजा आणि तट राहिले. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या मोहिमेत जिंकलेल्या वसईच्या किल्ल्यात छप्पर नसलेली चर्चे आणि पेशवेकालीन मंदिरे एकाच तटात उभी आहेत. जुन्या गोव्यातील व्हाइसरॉयची कमान १९५४ मध्ये नव्याने बांधण्यात आली. अशा ठिकाणी गेलेला प्रवासी बहुधा दरवाजात उभा राहून छायाचित्र घेतो आणि परततो. त्याने एवढेच करावे: कमानीखाली क्षणभर थांबून या दरवाजाने कोणाला आत घेतले, कोणाला बाहेर ठेवले आणि आजूबाजूचा तट कोणी, कशासाठी पाडला, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. उत्तरे शोधताना नाहीसे झालेले नगर वेशीच्या आत पुन्हा दिसू लागते.