वही तिकडे, पानं इकडे

समजा, प्रयोगशाळेतल्या संगणकावर तुम्ही ज्युपिटर नोटबुक बसवली आहे. आता रात्री घरी जुना लॅपटॉप उघडून तीच वही कशी वाचायची, लिहायची, ते पाहू.

ब्राउझरमध्ये दिसतात ती नोटबुकची नुसती पानं. आकडेमोड करणारा कर्नल वेगळा असतो आणि तो सर्व्हरमागे चालतो. त्यामुळे पानं एका यंत्रावर आणि कर्नल दुसऱ्यावर असला तरी काही बिघडत नाही. अडचण आहे ती दाराची. सर्व्हर मुळात १२७.०.०.१ या पत्त्यावर, ८८८८ क्रमांकाच्या पोर्टवर बसतो. हा पत्ता म्हणजे ‘हेच यंत्र’. बाहेरच्या कुणालाही तिथे प्रवेश नाही.

मग घाईत पुष्कळजण पत्ता बदलून ०.०.०.० करतात, म्हणजे सगळी दारं उघडतात. कृपा करून हे करू नका. नोटबुकमधून टर्मिनलही उघडता येतं. आत शिरलेला माणूस तुमच्या नावाने फायली वाचू शकतो, पुसू शकतो. आत शिरायला टोकन, म्हणजे पासवर्डसारखी किल्ली, लागतं हे खरं, पण साध्या एचटीटीपीवरून तेही उघडंच प्रवास करतं.

त्यापेक्षा एसएसएचचा, म्हणजे दोन यंत्रांमधल्या कूटबद्ध जोडणीचा, बोगदा काढा. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं. नेटवर्कवरून जाणारं गुपित कुणाच्या हाती लागू नये, ही आपलीही गरज आहे.

प्रयोगशाळेच्या यंत्रावर नोटबुक ‘नो-ब्राउझर’ पर्यायाने सुरू करा. लॅपटॉपवर एसएसएचच्या आज्ञेत कॅपिटल एल हा पर्याय देऊन ‘८८८८:लोकलहोस्ट:८८८८’ लिहा (आकडे अर्थातच इंग्रजी), पुढे तिथलं तुमचं खातं आणि यंत्राचा पत्ता. यातला पहिला आकडा तुमच्या लॅपटॉपचा. मधला लोकलहोस्ट मात्र तुमचा नव्हे! तो पलीकडे पोचल्यावर वाचला जातो, म्हणून त्याचा अर्थ होतो प्रयोगशाळेतलं यंत्र. एवढं उमगलं की आज्ञा पाठ करावी लागत नाही.

आता लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ८८८८ उघडा आणि तिकडच्या टर्मिनलमध्ये छापलेलं टोकन द्या. टोकन बरोबर असूनही नाकारलं, तर लॅपटॉपवरही एखादी नोटबुक चालू आहे का ते बघा. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली होती: मी माझ्याच लॅपटॉपच्या दारावर दुसऱ्याची किल्ली लावत होते. अशा वेळी पहिला आकडा ९९९९ करा आणि ब्राउझरमध्येही तोच टाका.

राहिली वीज आणि इंटरनेट. जोडणी तुटली तर तिच्यातून सुरू केलेली नोटबुकही बहुधा बंद पडते. म्हणून तिकडे आधी टीमक्स (जोडणी तुटली तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम) सुरू करा आणि नोटबुक त्याच्या आत चालवा. मग बोगदा कोसळला तरी कर्नल काम करत राहतो, तुम्ही फक्त बोगदा पुन्हा काढायचा. मात्र मधल्या काळात छापलेली उत्तरं पानावर उमटतीलच असं नाही. रात्रभराचं काम लावून झोपणार असाल, तर निकाल फाईलमध्ये लिहिणारी ओळ आधी घाला.