विश्लेषण : ब्राउझरमध्ये घुसलेले एक्स्टेन्शन काढले तरी परत का येते?

पीएफचा क्लेम, सातबारा उतारा, महाडीबीटीचा अर्ज, आधारची प्रिंट... रांजणगाव गणपतीच्या बाजारपेठेत ही कामे करून देणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि ई-सेवा केंद्रांत दिवसभर रांग असते. एका बाजूला महागणपतीच्या दर्शनाला येणारे भाविक, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीतल्या कारखान्यांत कामाला असलेले, राज्याच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले कामगार. परिणामी एकाच संगणकावर दिवसाला कित्येक अनोळखी माणसांचे यूएएन, आधार क्रमांक आणि पासवर्ड टाइप होतात. आणि त्याच संगणकाच्या क्रोममध्ये, उजव्या कोपऱ्यात, कधीतरी कोणीतरी टाकलेली ‘पीडीएफ कन्व्हर्टर’, ‘व्हिडीओ डाउनलोडर’ अशी तीन-चार रंगीत चिन्हे बसलेली असतात. फोटो ५० केबीत बसवायचा होता, म्हणून टाकलेले एक्स्टेन्शन पुढे काढायचे राहून जाते. हे शिरूर-दौंडमध्येच घडते असे नाही. पण जिथे एक संगणक अनेकांचा असतो, तिथे त्याची किंमतही अनेकांना मोजावी लागते.

एक्स्टेन्शनला नेमके काय दिसते?

एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम. जाहिराती अडवणे, भाषांतर, स्क्रीनशॉट अशी कामे तो करतो आणि बहुतेक एक्स्टेन्शन प्रामाणिकच असतात. गोम आहे ती परवानगीत. इन्स्टॉल करताना एक चौकट येते, त्यात ‘सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ अशा अर्थाची ओळ असते. तिचा अर्थ शब्दशः घ्यावा. बँकेच्या पानावर काय टाइप होते ते वाचता येते, पानावरचा मजकूर बदलता येतो, शोधाचे निकाल दुसरीकडे वळवता येतात.

‘ओटीपी आहे ना, मग काय होणार?’ हा नेहमीचा प्रश्न. लॉगिन झाल्यावर वेबसाइट ब्राउझरला एक कुकी देते, म्हणजे ‘हा माणूस आत आलेला आहे’ अशी चिठ्ठी. ती चोरीला गेली, तर चोराला अनेक ठिकाणी पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. बँकांचे सेशन काही मिनिटांत संपते, पण ईमेल आणि फेसबुकचे आठवडेच्या आठवडे चालू राहते. आणि ईमेल हाती आला, की बाकी खात्यांचे पासवर्ड बदलता येतात.

चांगले एक्स्टेन्शन वाईट कसे होते?

स्टोअरमधून घेतले, रेटिंग चांगले होते, मग सुरक्षितच असणार, हा समज गेल्या काही वर्षांत अनेकदा खोटा ठरला आहे. ‘द ग्रेट सस्पेंडर’चे उदाहरण बोलके आहे. न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवणारे हे एक्स्टेन्शन २० लाखांहून अधिक लोक वापरत होते. मूळ विकासकाने ते जून २०२० मध्ये एका अज्ञात खरेदीदाराला दिले. नंतर त्यात संशयास्पद कोड आढळला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते स्टोअरमधून काढून लोकांच्या ब्राउझरमध्येही बंद केले. वापरणाऱ्यांनी काहीच चूक केली नव्हती. एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होते, तेवढे पुरेसे ठरले.

दुसरा मार्ग विकासकालाच फसवण्याचा. डिसेंबर २०२४ मध्ये ‘सायबरहेवन’ या डेटासुरक्षेचेच काम करणाऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्याला क्रोम वेब स्टोअरच्या नावाने बनावट ईमेल आला. त्यातून मिळालेल्या परवानगीने हल्लेखोरांनी नाताळाच्या सुट्टीत एक्स्टेन्शनची बाधित आवृत्ती चढवली. सुमारे ४ लाख लोक ते वापरत होते. सुरक्षा विकणारी कंपनी फसते, तिथे झेरॉक्सच्या दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही.

जुलै २०२५ मध्ये ‘कोई सिक्युरिटी’ने क्रोम आणि एजमधली अशी १८ एक्स्टेन्शन उघड केली. इमोजी कीबोर्ड, आवाज वाढवणारे, हवामान दाखवणारे असे निरुपद्रवी प्रकार, मिळून सुमारे २३ लाख वापरकर्ते. काहींवर तर पडताळणीची खूणही होती. आपल्याकडे केंद्र सरकारच्या सर्ट-इनने २०२० मध्येच, गुगलने शंभराहून अधिक घातक एक्स्टेन्शन हटवल्यानंतर, ती काढून टाकण्याचा आणि अनोळखी एक्स्टेन्शन टाळण्याचा सल्ला दिला होता.

लक्षणे कोणती?

गुगलवर शोधले की भलत्याच सर्च इंजिनचे पान उघडणे, होमपेज आपोआप बदलणे, कधीच जाहिराती नसलेल्या सरकारी संकेतस्थळावरही जाहिराती दिसणे, क्लिक केल्यावर नवा टॅब उघडणे. संगणक नुसता मंद झाला म्हणजे एक्स्टेन्शन आहेच, असे मात्र नाही. तसेच ‘हे एक्स्टेन्शन आता सपोर्टेड नाही’ असा संदेश आला तर लगेच घाबरू नये. गुगलने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन बंद केल्यामुळे अनेक चांगली एक्स्टेन्शनही त्यात गेली.

काढायचे कसे?

क्रोममध्ये उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘एक्स्टेन्शन्स’ आणि मग ‘मॅनेज एक्स्टेन्शन्स’ उघडावे. कोणते दोषी ते कळत नसेल, तर आधी सगळी बंद करावीत आणि त्रास थांबतो का ते पाहावे. थांबला, तर एकेक चालू करत जावे. ज्यानंतर त्रास परत सुरू होतो, ते ‘रिमूव्ह’ करावे. नुसते बंद करून ठेवू नये.

त्यानंतर सेटिंग्जमध्ये ‘रीसेट सेटिंग्ज’ करावे. यात सर्च इंजिन आणि होमपेज मूळपदावर येते, सर्व एक्स्टेन्शन बंद होतात आणि कुकीज पुसल्या जातात. बुकमार्क, हिस्टरी आणि सेव्ह केलेले पासवर्ड जात नाहीत. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडीओंत ‘क्लीन अप कॉम्प्युटर’ हा पर्याय शोधायला सांगितलेला असतो. तो गुगलने मार्च २०२३ पासून काढून टाकला आहे, त्यामुळे शोधण्यात वेळ घालवू नये.

डेस्कटॉपवरचा क्रोमचा शॉर्टकटही तपासावा. त्यावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘टार्गेट’च्या शेवटी एखाद्या वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला दिसला, तर तेवढा पुसावा.

‘रिमूव्ह’चे बटणच नसेल तर?

खरी डोकेदुखी ही आहे. एक्स्टेन्शनपुढे ‘रिमूव्ह’ दिसत नाही आणि मेन्यूच्या तळाशी ‘तुमचा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो’ अशा अर्थाची ओळ असते. ही सोय मुळात कंपन्यांसाठी आहे. आयटी विभाग एकाच वेळी शेकडो संगणकांवर एक्स्टेन्शन टाकू शकतो आणि कर्मचाऱ्याला ते काढता येत नाही. त्यामुळे एमआयडीसीतल्या कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर ही ओळ दिसली, तर ते सामान्य आहे. तिथे स्वतः काही करू नये, आयटी विभागाला कळवावे.

घरच्या किंवा दुकानातल्या संगणकाला मात्र कोणतीच ‘संस्था’ नसते. तिथे ही ओळ दिसली, तर एखाद्या प्रोग्रामने विंडोजच्या रजिस्ट्रीत तीच सोय वापरली असण्याची शक्यता मोठी. काही अँटिव्हायरसही अशी नोंद करतात, म्हणून आधी खात्री करावी. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘रीझनलॅब्स’ने अशी एक मोहीम उघड केली होती. व्हीएलसीसारख्या सॉफ्टवेअरच्या बनावट डाउनलोड पानांवरून आलेल्या फाइल क्रोम आणि एजमध्ये जबरदस्तीने एक्स्टेन्शन बसवत होत्या. किमान ३ लाख वापरकर्त्यांना त्याचा फटका बसला. फाइलसोबत विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये एक नोंद व्हायची. एक्स्टेन्शन काढले तरी परत येण्यामागे अशीच नोंद असते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी विंडोज सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅप्स’च्या यादीतून अलीकडे आलेला अनोळखी प्रोग्राम काढावा. मग टास्क शेड्युलरमधली संशयास्पद नोंद हटवावी आणि विंडोज सिक्युरिटीमधून ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावा. त्यानंतर रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘लोकल मशीन’खाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गुगल, क्रोम या मार्गाने जाऊन ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’ पाहावी. त्यातली नोंद हटवण्याआधी रजिस्ट्रीचा बॅकअप घ्यावा. रजिस्ट्रीला कधी हात लावला नसेल, तर जाणकाराला सोबत बसवावे. इथली चुकीची नोंद पुसली, तर विंडोज सुरूच न होण्यापर्यंत वेळ येऊ शकते.

एक्स्टेन्शन गेल्यावर पासवर्ड बदलायचे. आधी बदलले, तर नवा पासवर्डही चोराकडेच जाणार. शक्यतो दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत आणि गुगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’ भागात जाऊन अनोळखी उपकरणे साइन आउट करावीत. पैसे गेले असतील, तर बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येईल का, हे सर्वस्वी वेळेवर अवलंबून असते.

मोबाइलचे काय?

अँड्रॉइड फोनवरचा क्रोम एक्स्टेन्शन चालवतच नाही. फायरफॉक्स आणि एजमध्ये ती चालतात, आयफोनच्या सफारीतही. त्यामुळे फोनवर क्रोममधून ‘तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस आहेत’ असे संदेश येत असतील, तर बहुतेक वेळा एखाद्या वेबसाइटला नकळत दिलेली नोटिफिकेशनची परवानगी कारणीभूत असते. क्रोमच्या ‘साइट सेटिंग्ज’मधल्या ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जाऊन अनोळखी संकेतस्थळे ‘ब्लॉक’ केली की त्रास थांबतो. संदेशातले ‘क्लीन नाउ’ मात्र दाबू नये.

दुकानातल्या संगणकावर काम करून घ्यावेच लागले, तर ते इन्कॉग्निटो विंडोमध्ये करायला सांगावे. मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय तिथे एक्स्टेन्शन चालत नाहीत आणि खिडकी बंद केली की लॉगिनही जाते. संगणकातच व्हायरस असेल, तर त्याचाही उपयोग नाही. पीएफच्या क्लेमसाठी तर दुकानात जायचीही गरज नाही. सरकारच्या उमंग अ‍ॅपवरून तो स्वतःच्या फोनवर भरता येतो आणि पासबुकही तिथेच दिसते.