मुंगळ्याच्या जबड्यापासून पोटातल्या क्लिपपर्यंत

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात फाटलेल्या आतड्यावर एक उपाय सांगितला आहे. जखमेच्या कडा जुळवून धरायच्या आणि तिथे मोठे काळे मुंगळे चावू द्यायचे. जबडा मिटला की धड तोडून टाकायचे. डोके तसेच कडा धरून राहते. मग आतडे आत सरकवून पोट शिवायचे.

आज इस्लामपूरचा एखादा पेशंट ‘काळी शौचाला होतेय’ म्हणून कराडला किंवा सांगली-मिरजेला नेला, तर बऱ्याचदा उपचाराचे तत्त्व हेच असते. दोन जबडे आणि घट्ट चावा! पोट मात्र उघडावे लागत नाही. 1894 मध्ये डॉ. वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हा जठरातली रक्तवाहिनी अशी आतून गाठण्याचे साधनच जगात नव्हते.

अंगदुखीवर दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे खाल्ल्या की जठरात अल्सर होऊ शकतो. त्याच्या तळाशी रक्तवाहिनी उघडी पडली की रक्त वाहू लागते आणि शौचाला काळी होते. डॉक्टर तोंडातून दुर्बीण आत घालतात. तिच्यातून हत्यार सरकवायची वाट नेहमीच्या दुर्बिणीत जेमतेम 2.8 मिलिमीटर रुंद असते. दोन जबड्यांची धातूची छोटी क्लिप मिटलेल्या अवस्थेत तिथून जाते आणि पलीकडे निघाली की तिचे जबडे सेंटीमीटरभर किंवा त्याहून जास्त उघडतात.

इथून पुढे काम दोघांचे. डॉक्टर दुर्बीण स्थिर धरतात. क्लिपची मूठ बहुधा शेजारच्या सहायकाच्या हातात. जठर आकुंचन पावत असते, पेशंटच्या श्वासागणिक सगळे वरखाली होत असते आणि समोर रक्ताने लाल झालेला पडदा. ‘उघडा... थोडं फिरवा... मिटा.’ जबडे रक्तवाहिनीवर आवळतात, मूठ आणखी दाबली की क्लिप तारेपासून सुटते. नेम बरोबर लागला असेल तर धार तिथल्या तिथे थांबते. टाका नाही, डाग देणे नाही. जठराच्या अस्तराला असा चिमटा बसल्याचे दुखतही नाही, हे मला सर्वांत नवलाचे वाटते.

दुर्बिणीतून क्लिप बसवण्याची ही कल्पना जपानी डॉक्टरांनी 1975 मध्ये मांडली. सुरुवातीच्या क्लिपा बसवणे किचकट होते. आताच्या काही क्लिपा नेम चुकला तर पुन्हा उघडता येतात. आतड्याला पडलेल्या मोठ्या छिद्रांसाठी जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या एका कंपनीने वेगळीच क्लिप काढली. निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची ही दातेरी क्लिप दुर्बिणीच्या टोकावरच्या टोपीवर ताणून बसवतात. छिद्राच्या कडा टोपीत ओढून घेतल्या की ती सोडायची. मूळ आकारात परतण्याच्या धातूच्या स्वभावामुळे ती स्वतःच मिटते. कोलोनोस्कोपीत आतड्याला भोक पडले, तर ते वेळीच अशा क्लिपांनी बुजवल्याने अनेकांची मोठी शस्त्रक्रिया टळते.

जखम भरत आली की नेहमीची छोटी क्लिप बहुधा काही आठवड्यांत आपोआप गळून शौचावाटे निघून जाते. कधी ती महिनोन्‌महिने राहतेही. म्हणून डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि एमआरआयची वेळ आली तर क्लिप बसवल्याचे आधी सांगा. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळी होते. पण ती डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असेल, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.