कंपनीच्या बसमधून दिसणारी शाळा

तळवड्याच्या आयटी पार्कात जाता-येता जी पोरं रोज दिसतात, त्यांच्या शाळेत वर्षभर काय धमाल चालते? आणि ती धमाल नेमकी कुठल्या इयत्तेत संपते?

संध्याकाळचे साडेपाच. तळवड्याहून निगडीकडे येणारा रस्ता नेहमीसारखाच पॅक. कंपनीची बस इंचाइंचानं सरकतेय, कानात हेडफोन आहे आणि डोक्यात एकच टेन्शन, आज घरी किती वाजता पोचणार? तेवढ्यात रस्त्याच्या कडेनं युनिफॉर्ममधली पोरं दिसायला लागतात. एकाच्या हातात पुठ्ठ्याची तलवार. दोघी-तिघी चालता चालता डान्सच्या स्टेप्स घोकतायत. मागून एक जण नाकापर्यंत थर्माकोलचा किल्ला धरून, रिक्षावाल्यांचे हॉर्न चुकवत निघालाय.

महिना डिसेंबरचा असेल तर समजून जा, गॅदरिंग जवळ आलंय!

तुम्हालाही आठवलं ना काहीतरी?

गाव, शेड आणि आयटी पार्क

तळवडे हे तसं इंद्रायणीकाठचं, देहूच्या शेजारचं गाव. १९९७ मध्ये ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. आता एका बाजूला आयटी पार्क, दुसऱ्या बाजूला छोट्या वर्कशॉपच्या शेड आणि मध्ये रूपीनगरसारख्या दाट वस्त्या. आपण रोज ज्या कॅनबे चौकाचं नाव घेतो, ती कॅनबे कंपनी २००७ मध्ये कॅपजेमिनीनं घेतली. चौकाचं नाव मात्र लोकांनी बदललं नाही.

कंपनी बदलली की आपण शहर बदलतो. इथल्या पोरांचे आईवडीलही असेच आलेत, फक्त ऑफर लेटरशिवाय. कुणी मराठवाड्यातून, कुणी विदर्भातून, कुणी थेट उत्तर प्रदेश-बिहारमधून. बाबा चाकणला शिफ्टमध्ये, आई पॅकिंगला नाहीतर घरकामाला. त्यामुळे अशा भागातल्या एका वर्गात चार-पाच प्रकारची मराठी ऐकू येते आणि डबा खाताना हिंदीही चालते. या सगळ्यांना एका रांगेत आणतो तो परिपाठ. राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बातम्या. आपल्याला तेव्हा हे बोअर व्हायचं. पण माइकसमोर उभं राहून चारशे जणांना दिनविशेष वाचून दाखवणं हे कित्येकांच्या आयुष्यातलं पहिलं प्रेझेंटेशन असतं, तेही बिनापॉवरपॉइंट!

वर्षभराचं कॅलेंडर

शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि पहिला मोठा इव्हेंट येतो तो आषाढीचा. तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि पुढचा मुक्काम आकुर्डीला असतो. म्हणजे या पोरांसाठी वारी ही टीव्हीवर बघायची गोष्ट नाही, ती घराजवळून जाते. मग शाळेतही दिंडी निघते. छोटे विठ्ठल-रखुमाई, नऊवारी, डोक्यावर तुळस. आडनाव शर्मा असो की शेख, टाळ सगळ्यांच्याच हातात.

पाच सप्टेंबरला शिक्षकदिन. त्या दिवशी दहावीच्या मुली साड्या नेसून पाचवीवर शिकवायला जातात आणि दोन तासांत घसा बसवून परत येतात. मॅडम का ओरडतात हे त्या दिवशी कळतं. मग सहामाही, दिवाळी, क्रीडामहोत्सव, विज्ञान प्रदर्शन, सहल. शाळेच्या सहलीला एसटीत निम्मं भाडं पडतं, तरीही वर्गातले काही जण 'मला गाडी लागते' असं सांगून घरी राहतात. गाडी लागत नसते, पैसे नसतात. वर्गशिक्षकांना ते बरोबर कळतं. कित्येकदा अशा एखाद्याची वर्गणी गुपचूप भरलेली असते आणि कुणी भरली ते शेवटपर्यंत समजत नाही.

गॅदरिंगचा फंडा

गॅदरिंग म्हणजे नुसता डान्स हा आपला गैरसमज. वीस पोरं बसवायची, गाणं ठरवायचं, त्यावरून भांडायचं, भाड्यानं ड्रेस आणायचे, ते वेळेत परत द्यायचे. ज्याला घरी लवकर जाऊन लहान भावाला सांभाळायचंय, त्याची प्रॅक्टिस मधल्या सुट्टीत घ्यायची. ऑफिसमध्ये आपण यालाच प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतो आणि त्याच्या ट्रेनिंगला रिसॉर्टवर जातो.

मी स्वतः नववीत पडदा ओढायला होते. गणितात कशीबशी पास होणारी, उंच, शेवटच्या बाकावरची मुलगी. पण कुठल्या वाक्यावर पडदा पाडायचा हे फक्त मला माहीत होतं. त्या एका संध्याकाळी सगळे माझ्याकडे बघत होते. त्या वर्षी मी एकही दिवस शाळा बुडवली नाही. मार्कांसाठी नव्हे, प्रॅक्टिस होती म्हणून.

अशी मुलं प्रत्येक वर्गात असतात. वर्गात गप्प आणि मैदानावर वाघ. गणिताच्या वहीत शून्य आणि चित्रकलेच्या वहीत कमाल. त्यांना शाळेत खेचून आणणारी गोष्ट टाइमटेबलच्या कोपऱ्यात असते. पीटीचा तास, चित्रकलेचा तास, कबड्डीची टीम. आपण यांना 'एक्स्ट्रा करिक्युलर' म्हणून मोकळे होतो. त्यांच्यासाठी एक्स्ट्रा असतं ते बाकीचं!

हे ओळखणाऱ्या शाळा आपल्या जवळच आहेत. आप्पासाहेब पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनीची निगडीतही शाळा आहे. तिथल्या 'क्रीडाकुल'मध्ये खेळ हा शिक्षणाचाच भाग धरलाय. नाटकाचं वेड असेल तर पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची भालबा केळकर करंडक ही शालेय नाट्यस्पर्धा आहे. कॉलेजात पुरुषोत्तम गाजवणाऱ्यांना हे नाव नवीन नसेल. पुरुषोत्तमही कलोपासकचाच.

आठवीनंतर काय?

आता जरा सिरियस व्हायला हवं. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण, पण पहिली ते आठवी. खासगी शाळेत २५ टक्क्यांच्या कोट्यातून शिकणाऱ्याची हमीही आठवीलाच संपते. दुपारची खिचडी आठवीपर्यंत. केंद्र-राज्याच्या योजनेतली मोफत पाठ्यपुस्तकंही आठवीपर्यंत.

म्हणजे नववीच्या जूनमध्ये पोरगं चौदा-पंधरा वर्षांचं असतं, खर्च वाढलेला असतो आणि घरासमोरच्या शेडमध्ये हेल्परची गरज असते. कायद्यानं चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. पण चहाची टपरी, गॅरेज, दुकान यांची वाट मोकळीच. मुलींचं गणित वेगळं. धाकट्यांना सांभाळायला घरी कुणीतरी हवं असतं. अशा वेळी पोराला शाळेत धरून ठेवायला बीजगणित पुरत नाही. शनिवारची मॅच पुरते.

आणि गंमत म्हणजे नेमक्या याच वळणावर शाळा मैदान आवळायला लागते. नववी सुरू झाली की 'आता दहावीकडे लक्ष द्या.' दहावी सुरू झाली की सगळंच बंद. पीटीच्या तासाला विज्ञान. गॅदरिंगला दहावीनं फक्त प्रेक्षकांत बसायचं. माझ्या शाळेत आम्हाला तर तेही नव्हतं. खाली ढोल वाजत होता आणि आम्ही वरच्या मजल्यावर सराव परीक्षा देत होतो. त्या पेपरात मला किती पडले ते आज आठवत नाही. ढोल आठवतो.

पालकांचं काही चूक नाही. त्यांना दहावीचा टक्का म्हणजे शेडमधून बाहेर पडायचं तिकीट वाटतं आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण बोर्डानंही आता कलेला आणि खेळाला दार उघडलंय. इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड असेल तर दहावीला ७ वाढीव गुण, बी ला ५, सी ला ३. शालेय क्रीडास्पर्धांत पुढे गेलेल्यांनाही पातळीनुसार वाढीव गुण आहेत. त्यामुळे 'खेळून काय मिळणार?' या प्रश्नाला आता मार्कांच्या भाषेतही उत्तर आहे.

आपला रोल काय?

कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक नफ्याच्या किंवा उलाढालीच्या वरच्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्यामुळे तुमच्याही ऑफिसात कधीतरी मेल येतो, 'सॅटरडे व्हॉलंटिअरिंग, टी-शर्ट मिळेल'. आपण जातो, भिंत रंगवतो, सेल्फी काढतो, केक कापतो. सोमवारी विसरतो. पोरं मात्र पुढचे तीन शनिवार विचारत राहतात, ते दादा कधी येणार?

त्यापेक्षा जवळची एक शाळा धरा आणि वर्षभर धरा.

जाताय? मग एवढं वाचून जा

• आधी विचारा, मग न्या. मुख्याध्यापकांना भेटा. त्यांना कदाचित कॉम्प्युटर नको असतील, कबड्डीची मॅट हवी असेल.

• आठवीला गाठा. एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत होते. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत हवं. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. पेपर दोन, त्यातला एक बौद्धिक क्षमतेचा. म्हणजे तेच अॅप्टिट्यूड, जे तुम्ही कॅम्पस इंटरव्ह्यूला घासून पास झालात. हे शिकवायला तुमच्याहून योग्य कोण?

• नववीला सोडू नका. ड्रॉइंगची फी, स्पोर्ट्स शूज, सहलीची वर्गणी. रक्कम छोटी असते. ती शाळेमार्फत, पोराचं नाव न विचारता द्या.

• दहावीसाठी एक तास मागा. अभ्यासाचा नव्हे, खेळाचा. आठवड्यातून एक. शाळा आधी नाही म्हणेल. पुन्हा विचारा.

• गॅदरिंगला जा. भाषण करायला नको. मागे उभं राहा आणि जोरात टाळ्या वाजवा. ज्यांच्या आईबाबांची त्या दिवशी सेकंड शिफ्ट असते, त्यांच्यासाठी तेवढं पुरतं.

उद्या पुन्हा तीच बस, तोच ट्रॅफिक. थर्माकोलचा किल्ला घेऊन जाणारा तो पोरगा दिसला तर नीट बघून ठेवा. तो आठवीत असेल, तर पुढच्या डिसेंबरलाही तो याच रस्त्यावर, याच युनिफॉर्ममध्ये दिसायला हवा.