बार्शी लाइटच्या वाटेनं पाणी

सोमवार, ११ एप्रिल २०१६. मिरज जंक्शनच्या यार्डात सकाळीच ऊन चटके देतंय. कोट्याहून वाफेनं धुऊन आणलेल्या दहा टाकी-वाघिणी रांगेत उभ्या आहेत. एकेकीत पन्नासेक हजार लिटर कृष्णेचं पाणी. एक पोरगा टाकीच्या पाठीवर उकिडवा बसून झाकणातून आत डोकावतो, हात वर करतो. खाली कुणीतरी व्हॉल्व्ह आवळतं. पाइपाच्या जोडाला गुंडाळलेलं गोणपाट थबथबतंय. त्याखाली ओंजळ धरून एक गँगमन तोंड धुऊन घेतो.

गाडी निघालीय दुष्काळी लातूरला, ३४२ किलोमीटर.

कॅमेरे सगळे इंजिनाकडे. रुळांकडे बघतोय तो फक्त माझ्या शेजारचा निवृत्त पॉइंट्समन. "ही आमच्या बार्शी लाइटची वाट," तो म्हणतो. "अडीच फुटी."

खरंय. कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी छोटी गाडी सुरू केली. ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला येऊन टेकली. इथं आधीपासून मीटरगेज होतं. कोल्हापूरचा फाटा १८९१ चा. पुण्याकडून ब्रॉडगेज आलं १९७१ मध्ये, आणि मग कितीतरी वर्षं या एकाच स्टेशनात तीन मापांचे रूळ नांदले. नांदले म्हणायचं, निस्तरायचं हमालांनी.

"गुळाची ढेप ह्या डब्यातनं त्या डब्यात," म्हातारा पाठीवर थाप मारून दाखवतो. "पाणी कसं उतरवलं असतं?"

बादल्यांनी? पंढरपूरपर्यंतचा छोटा रूळ निघून पाच-सहा वर्षंच झालीत. त्याआधीचा दुष्काळ असता, तर हा पाच लाख लिटरचा बेत कागदावरच राहिला असता. गेजबदलाच्या रटाळ कामाचं कौतुक कुणी करत नाही. आज करायला हरकत नाही.

शिट्टी होते. कपलिंगं एकामागून एक खडखडतात, भरल्या टाक्या जडशीळ हलतात. आता कवठेमहांकाळ, जत रोड, सांगोला. वाटेतली ही सगळी गावंही तहानलेलीच.

"ढालगावात कुणी गाडी अडवली नाही म्हंजे मिळवली," म्हातारा म्हणतो आणि चहाच्या गाड्याकडे चालू लागतो.