दोन वर्षांच्या मुलाचा उन्हाळा

परीक्षा आटोपल्या आणि वैशाखाचें ऊन तापूं लागलें, कीं मुलांच्या सुट्टीची व्यवस्था कशी लावावी हा विचार घरोघर सुरू होतो. कोणाला पोहावयास घालावयाचें, कोणाला आजोळीं पाठवावयाचें, कोणाचें अक्षर सुधारावयाचें, याचीं टिपणें तयार होतात. या सर्व खटाटोपांत घरांतील एका व्यक्तीचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं. ती व्यक्ति म्हणजे दीड ते तीन वर्षांचें मूल. त्याला शाळा नाहीं, म्हणून सुट्टीहि नाहीं. आणि आवड सांगतां येत नाहीं, म्हणून ती विचारण्याची रीतहि नाहीं. मोठ्यांनीं बेत करावा आणि पाण्याची सुरई, डबे व सतरंजी यांच्याबरोबर त्यालाहि उचलून न्यावें, असा बहुतेक घरांतील परिपाठ असतो. आमच्या घरींहि तोच होता. गेल्या उन्हाळ्यांत त्याचें फळ आम्हांला जें मिळालें, तें सांगतांना संकोच वाटतो; पण आपली चूक झांकून दुसऱ्यास उपदेश करणें शोभणारें नाहीं, म्हणून आरंभ तेथूनच करतों.

आमचें बिऱ्हाड पुण्यास सदाशिव पेठेंत आहे. आम्ही उभयतां, आमच्या मातोश्री, धाकटे चिरंजीव, त्यांचें कुटुंब आणि त्यांचीं दोन शाळकरी मुलें, असें सात माणसांचें घर. थोरले चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळूरास असतात. ते गेल्या वैशाखांत सूनबाई आणि सव्वादोन वर्षांच्या नातवासह महिनाभर राहावयास आले. नातू येणार म्हणून घरांत जी तयारी झाली, ती मुख्यतः खेळण्यांची. आत्यानें विजेरीवर धांवणारी मोटार आणली, मावशीनें बोलणारा पोपट आणला. आम्हीहि मागें न राहतां, कळ दाबतांच गाणें म्हणणारी आगगाडी घेऊन आलों. तिसऱ्या दिवशीं दिवाणखान्यांत पाय ठेवण्यास जागा उरली नाहीं.

नातू त्या ढिगाऱ्यांत बसे, एक वस्तु उचली, टाकी, दुसरी उचली आणि शेवटीं रडूं लागे. ज्या खोक्यांतून मोटार आली होती तें खोकें मात्र त्यानें अर्धा तास ढकलीत नेलें. आम्ही सर्वजण हंसलों. पण त्यांत कांहीं शिकण्यासारखें आहे, हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

पुढील रविवारीं सर्वांनीं मिळून सहल काढण्याचें ठरलें. स्थळ शहरापासून अडीच तासांवर, एका जलाशयाच्या कांठीं. दोन मोटारींतून दहा माणसें निघालीं. सहाला निघावयाचें तें नऊ वाजले. वाटेंत न्याहारीसाठीं थांबणें झालें आणि पोहोंचेपर्यंत बारा वाजून गेले. गाडींत कशीबशी झोंप लागलेल्या नातवाला छायाचित्र काढण्यासाठीं उठविण्यांत आलें. तो रडला, त्याला बिस्किट दिलें. तो पाणी नको म्हणाला. आम्हीं आग्रह केला नाहीं. दुपारीं तीनच्या सुमारास त्याचें रडणें थांबलें आणि तो आईच्या खांद्यावर मान टाकून स्वस्थ पडला. "चला, रुळला एकदांचा," असें आम्हीच म्हणालों, हें आम्हांला आजहि विसरतां येत नाहीं.

आमच्या मातोश्रींचें वय चौऱ्यायशीं. त्यांनीं जवळ येऊन त्याच्या ओंठांवरून बोट फिरविलें आणि विचारलें, "सकाळपासून याचें दुपटें किती वेळां बदललें?" कोणालाच सांगतां येईना. शेवटीं सूनबाईंना आठवलें, कीं आठ वाजल्यापासून बदललेंच नव्हतें. बदलण्याची गरजच पडली नव्हती. मातोश्री म्हणाल्या, "मघां रडला तेव्हां डोळ्यांत पाणी नव्हतें. पोर निजलें नाहीं, गळालें आहे. उठा." जवळच्या तालुक्याच्या गांवीं डॉक्टरांकडे पोहोंचेपर्यंत आमच्यापैकीं कोणीहि एक शब्द बोललें नाहीं. डॉक्टरांनीं तपासून सांगितलें, कीं अंगांतील पाणी बरेंच कमी झालें आहे, पण वेळेवर आलांत. मीठ-साखरेची जलसंजीवनी चमच्याचमच्यानें देत तो चार तास बसवून घेतला. रात्रीं आठच्या सुमारास दुपटें ओलें झालें, तेव्हां आमच्या घरांत एखादा उत्सव व्हावा इतका आनंद झाला.

परतीच्या वाटेवर सूनबाई एवढेंच म्हणाल्या, "बाबा, सहल आपली होती. तो नुसता बरोबर होता." त्यांत राग नव्हता, स्वतःलाहि त्यांनीं वगळलें नव्हतें. पण त्या एका वाक्यानें आमच्या घरांतील पुढील तीन आठवड्यांचा क्रम बदलला.

लहान मुलाचें शरीर म्हणजे मोठ्या माणसाच्या शरीराची छोटी आवृत्ति नव्हे. वजनाच्या मानानें त्याच्या त्वचेचा विस्तार अधिक असल्यामुळें तें बाहेरील उष्णता लवकर घेतें. तहान लागली हें त्याला कळतें, पण सांगतां येत नाहीं. म्हणून दुपारीं बारा ते तीन या वेळांत त्याला उन्हांत नेऊं नये. मागण्याची वाट न पाहतां थोडें थोडें पाणी देत राहावें. आणि तोंड कोरडें पडणें, रडतांना अश्रु न येणें, सहा तासांत लघवी न होणें किंवा मूल अकारण सुस्त होणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये. बंद मोटारींत तर मुलाला क्षणभरहि एकटें ठेवूं नये. उन्हांत उभ्या असलेल्या गाडीच्या आंतील उष्णता दहा मिनिटांत सुमारें १० अंश सेल्सियसनें वाढते, आणि खिडकी बोटभर उघडी ठेवल्यानें तींत फारसा फरक पडत नाहीं.

त्यानंतर आम्हीं दूरच्या सहली बंद केल्या. पण बाहेर जाणें बंद केलें नाहीं. एक ते चार वर्षांच्या मुलानें दिवसांतून एकूण निदान १८० मिनिटें हालचाल करावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सुचविलें आहे. एक वर्षाच्या मुलास पडद्यावरील चित्रें दाखवूंच नयेत, आणि दोन वर्षांनंतरहि तासाभरापेक्षां अधिक दाखवूं नयेत, असेंहि त्याच सूचनांत म्हटलें आहे. तेव्हां उन्हाच्या भीतीनें मुलाला दिवसभर घरांत दूरध्वनीच्या पडद्यापुढें बसविणें हाहि उपाय नव्हे. उपाय आहे तो वेळ आणि अंतर बदलण्याचा.

आम्ही सकाळीं सहाला नातवाला घेऊन पर्वतीस जाऊं लागलों. पर्वतीच्या पायऱ्या १०३. नानासाहेब पेशव्यांनीं बांधविलेलें देवालय वर आहे, आणि वर जाऊन देवदर्शन घेऊन, शहराचा देखावा पाहून खालीं यावें, असा आमचा चाळीस वर्षांचा नेम. नातवानें पहिल्या दिवशीं सात पायऱ्या चढल्या. मग तो वळला आणि सातहि उतरला. पुन्हां चढला, पुन्हां उतरला. आठव्या पायरीवर मुंग्यांची रांग लागली, तेथें वीस मिनिटें गेलीं. आम्ही दोनदां "चल, वर जाऊं" म्हणालों, तिसऱ्यांदां म्हणतां म्हणतां थांबलों. वर जाणें हा आमचा हेतु होता. त्याचा हेतु पायरी हाच होता. प्रत्येक पायरीवर आधीं उजवा पाय, मग हात टेंकून डावा, मग उभें राहून मागें पाहणें, हा त्याचा पूर्ण उद्योग होता आणि त्यांत तो आमच्याइतकाच गंभीर होता. महिनाअखेर तो एकवीस पायऱ्यांपर्यंत पोहोंचला. देवळापर्यंत आम्ही दोघे एकदांहि गेलों नाहीं, आणि त्याची खंतहि वाटली नाहीं.

पर्वतीच्या पायथ्याशींच पेशवे उद्यान आहे. तेथें १९५६ सालीं 'फुलराणी' नांवाची छोटी आगगाडी धांवूं लागली. पुण्यांतील आमच्या पिढीचें बालपण तिच्याशीं जडलेलें आहे. उद्यानांतील प्राणी पुढें कात्रजच्या प्राणिसंग्रहालयांत हलविण्यांत आले, पण फुलराणीचें नांव कायम राहिलें. एके सायंकाळीं मोठ्या उत्साहानें आम्ही नातवाला तिकडे घेऊन गेलों. तो गाडींत बसावयास तयार होईना. कुंपणाची पट्टी धरून तो उभा राहिला. गाडी दिसेनाशी झाली कीं "गेली" म्हणे, आणि वळसा घालून आली कीं "आली" म्हणे. असा एक तास गेला. पूर्वींचे आम्ही असतों, तर त्याला उचलून गाडींत बसविलें असतें आणि तो रडला म्हणून रागावलोंहि असतों. जी वस्तु जाते ती परत येते, हें त्याच्या दृष्टीनें त्या दिवशींचें मोठें संशोधन होतें. त्यांत व्यत्यय आणण्याचा आम्हांला काय अधिकार?

बाहेरचा क्रम असा लागल्यावर घरांतील खेळण्यांकडे लक्ष गेलें. सूनबाईंनीं चारपांच वस्तु बाहेर ठेवून बाकीच्या कपाटांत बंद केल्या, आणि दर आठवड्यास एक आंत व एक बाहेर असा पालट ठेवला. बाहेर राहिलेल्या वस्तु म्हणजे एक चेंडू, एकावर एक रचण्याचे लांकडी ठोकळे, एकांत एक बसणाऱ्या पितळी वाट्या आणि तें खोकें. दुपारीं न्हाणीघरांत उथळ परातींत चार बोटें पाणी घालून त्यापुढें त्याला बसवीत असूं. एका भांड्यांतून दुसऱ्यांत पाणी ओतण्यांत तास निघून जाई. मात्र अशा वेळीं मोठें माणूस हाताच्या अंतरावर बसलेलें असलें पाहिजे आणि खेळ संपतांच परात रिकामी झाली पाहिजे. वीतभरहि नसलेल्या पाण्यांत लहान मुलें बुडाल्याचीं उदाहरणें आहेत.

याच सुमारास मातोश्रींनीं माळ्यावरील पेटी उतरविण्यास सांगितलें. तींत आमच्या लहानपणचा पांगुळगाडा आणि सावंतवाडीचीं रंगीत लांकडी फळें निघालीं. सावंतवाडीच्या चितारआळींतील हीं फळें एके काळीं कोंकणांतून येणारा पाहुणा हमखास आणीत असे. पांगाऱ्याच्या हलक्या लांकडाचें केळें, आंबा, सीताफळ हुबेहूब खऱ्यासारखें दिसे. मातोश्रींना तीं पणतवाच्या हातांत द्यावयाचीं होतीं. सूनबाईंनीं नम्रपणें पण ठामपणें नको म्हटलें. जुन्या काळच्या रंगांत शिसें असूं शकतें, तें मुलाच्या मेंदूस अपायकारक आहे, आणि या वयाचें मूल प्रत्येक वस्तु तोंडांत घालतें. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्षांत ९० भागांपलीकडे नसावें, असा निर्बंध आपल्या देशांत २०१७ सालापासून लागू झाला. आमचीं फळें त्यापूर्वीं साठ वर्षांचीं. मातोश्री दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं स्वतःच तीं फळें कांचेच्या कपाटांत मांडलीं आणि पांगुळगाडा सुतारापुढें ठेवला. त्यावर रंग कधींच नव्हता. सुतारानें कडा घासल्या, सैल चाक बसविलें, आणि चौथी पिढी त्या गाड्यामागें धांवूं लागली. जुनें सर्वच टाकाऊ नाहीं आणि सर्वच पूज्यहि नाहीं, याचा निवाडा आमच्या घरीं असा झाला.

नवीं खेळणीं घेतांनाहि डोळे उघडे ठेवावे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशांत खेळण्यांवर भारतीय मानक संस्थेचें चिन्ह असणें बंधनकारक झालें आहे. तें पाहून घ्यावें. तीन वर्षांखालील मुलाला, सुमारें ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यांत मावेल असा सुटा तुकडा देऊं नये, कारण तो घशांत अडकूं शकतो. भातुकलीचीं चिमुकलीं भांडीं म्हणूनच थोडीं थांबलेलीं बरीं. सर्वांत घातक म्हणजे गुंडीच्या आकाराची चपटी विजेरी. ती गिळली गेल्यास दोन तासांच्या आंत अन्ननलिकेस गंभीर इजा करूं शकते. तेव्हां शंका येतांच रुग्णालय गांठावें.

इतकें वाचून कोणी म्हणेल, कीं हें सारें खर्चाचें किंवा नव्या विद्येचें काम आहे. तसें नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापिलें, आणि परदेशी पद्धतीचीं महाग साधनें बाजूस ठेवून शिंपले, पानें, बिया, खडे अशा भोंवतालच्या वस्तूंतून लहान मुलांचें शिक्षण घडवून दाखविलें. खेडेगांवांतील मुलांना जें पुरलें, तें आमच्या मुलांना कां पुरूं नये?

एकत्र कुटुंबास तर येथें मोठी सोय आहे. आम्हीं वेळ वांटून घेतला: सकाळ आजोबांची, परातीचा तास काकूचा, संध्याकाळ चुलतभावंडांची, आणि निजण्यापूर्वींची गोष्ट पणजीची. सूनबाईंना दुपारीं दोन तास स्वस्थ निजावयास मिळूं लागलें. तिच्या लेखीं हीच खरी सुट्टी होती. मात्र एक धोका आम्ही अनुभवानें सांगतों. दहा माणसांच्या घरांत 'सर्वांचें लक्ष आहे' याचा अर्थ बहुधा कोणाचेंच लक्ष नाहीं असा असतो. त्या जलाशयाच्या कांठीं तेंच झालें होतें. म्हणून ज्या घटकेस मूल ज्याच्या हवालीं असेल, त्याचें नांव घेऊन सांगावें, आणि हवाला बदलतांनाहि तोंडानें सांगावा.

ज्येष्ठाच्या आरंभीं मंडळी बंगळूरास परतलीं. जातांना मोटार, पोपट आणि आगगाडी आमच्याकडेच राहिली; पांगुळगाडा मात्र मातोश्रींनीं आग्रहानें बरोबर दिला. परवां दूरध्वनीवर नातवाचें दर्शन झालें. तो आपल्या घरांतील आरामखुर्चीवर हात टेंकून चढत होता, वर पोहोंचला, वळून आमच्याकडे पाहिलें आणि म्हणाला, "पव्वती." मग तो उतरला आणि पुन्हां चढूं लागला. या खेपेस "चल, वर जाऊं" असें आम्ही म्हणालों नाहीं, पाहत बसलों.