डोंबिवलीची संख्या : १२३२१

विठ्ठलवाडीहून मुंबईकडे निघालं की तिसरं स्टेशन डोंबिवली. देवळालीला शाळामास्तर म्हणून आयुष्य घालवलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना (१९०५–१९८६) संख्यांचं एक कुळ इथे सुचलं. स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी त्याला ‘डेमलो संख्या’ म्हटलं.

त्यातली देखणी १२३२१, म्हणजे १११ चा वर्ग. १११, १११० आणि १११०० एकाखाली एक मांडा. रकान्यांची बेरीज १, २, ३, २, १. अंकांची बेरीज ९, तीही ३ चा वर्ग! नऊ एकांच्या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. दहाव्या एकाला मात्र हातचा येतो आणि रचना मोडते.

कापरेकरांची ६१७४ ही संख्या जगभर गाजली. मला १२३२१ अधिक आवडते, कारण तिचं गुपित पाचवीच्या मुलालाही उलगडतं. घरच्या मुलांकडून ११११ चा वर्ग आज कागदावर करून घ्याच.